नवरा सीमेवर असताना फौजींच्या बायका मन शांत कसं ठेवतात?

तू लिहिलंयस, लग्नाला आठ महिने झाले, नवरा सीमेवर आहे आणि सासरचे म्हणतात फौजीच्या बायकोने रडायचं नसतं. वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते.

मन शांत राहत नाही. माझं तरी राहिलं नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या युद्धात, हे तोफखान्यात होते, मी एकवीस वर्षांची, पदरात दहा महिन्यांची मुलगी. लोक अजून म्हणतात, काय धीराची बाई, डोळ्यात टिपूस नाही. अगं, पेरण्या चालू होत्या, पोरीला दात येत होते. रडायला सवड रात्रीच मिळायची, आणि रात्री कोण बघतंय?

पत्त्यात फक्त ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय, गावाचं नाव नाही. कारगिलजवळ द्रासला होते हे मला नंतर कळलं. पत्र आलं की मी मजकुराआधी तारीख बघायची. १४ जूनचं पत्र २ जुलैला हातात पडलं. म्हणजे १४ जूनपर्यंत माणूस आहे. पुढच्या अठरा दिवसांचं काय? पत्राचा आनंद संध्याकाळी सातच्या बातम्यांपर्यंत टिकायचा. १९७१ च्या युद्धात बहुतेकांना तिकडेच अग्नी दिला जायचा, कारगिलपासून पार्थिव घरी आणायला लागले. त्यामुळे गावात अनोळखी जीप वळली की बायका हातातलं काम टाकून ती कुणाच्या दारात थांबते ते बघत उभ्या राहायच्या.

त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. त्यातला एक शेजारच्या गावचा. मी त्याच्या बायकोला भेटायला गेले तर तिच्यापुढे कागद पसरलेले. फौजेच्या नोंदीत तिचं सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. ‘ही तुम्हीच कशावरून?’ असं तिला तेराव्याच्या आत विचारलं होतं.

घरी येऊन मी माझी ट्रंक उघडली. माझंही तेच. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, आणि युनिटमध्ये लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरात बायकोची नोंद करणारा आदेश, काढताना तेच दिलं. दाखला, बँकेचं पासबुक मात्र जुन्या नावाचं. दोन्ही नावं एकीचीच आहेत असं सांगणारा एक कागद घरात नव्हता. मी यांना तसं पत्र टाकलं आणि इकडे प्रतिज्ञापत्र, राजपत्र यांच्या मागे लागले.

वन्सं भर अंगणात म्हणाल्या, “तिकडं त्याच्यावर गोळे पडतायत आणि हिला विधवेच्या कागदांची घाई!” अभद्र म्हणाल्या. पुढे दोन वर्षं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मामंजी १९७१ ला लढून आलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पदराची गाठ सोडून प्रतिज्ञापत्राचे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि पोरीला कडेवर घेतलं. यांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं, ‘नाव दुरुस्तीला दिलं आहे. मुलीची नोंद झाली का तेही विचारतो.’ बस, एवढंच.

शेजारच्या गावच्या त्या बाईचं नाव जुळायला दीड वर्ष गेलं. वर दिराशी लग्न कर म्हणून घरच्यांचा धोशा. नवऱ्याला शौर्याचं सेना मेडल मिळालेलं, आणि तेव्हा नियमच असा होता की विधवेने बाहेर लग्न केलं तर पदकाचा भत्ता बंद, मयत नवऱ्याच्या भावाशी केलं तर चालू. ती अट निघाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. तिच्या संयमाचं कौतुक करणारे भाषणाला पुष्कळ आले होते. कचेरीत तिच्यासोबत एकजणही गेला नाही. म्हणून मला त्या कौतुकाचा राग येतो.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हे, की रड, आणि त्यांचा फोन आला की विचार: पार्ट टू ऑर्डर निघाली का, त्यात माझं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डाप्रमाणेच आहे का, खातं दोघांच्या नावावर आहे का, नॉमिनी कोण. संकोचू नकोस. आपला माणूस जिवंत असताना, त्याच्याशी बोलूनच हे करायचं असतं. वन्संना हे तेव्हाही पटलं नाही, अजून पटत नाही.

सगळ्यांच्या सासरी असंच होतं असं माझं म्हणणं नाही. आणि आमचे हे परत आले, हेही लक्षात घे. आपल्या तोफखान्याने तिथे अडीच लाखांच्या आसपास गोळे डागले, त्यातले कितीतरी यांच्या तोफेचे. दिवाळीनंतर सुट्टीवर आले तेव्हा डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मी दोनदा हाक मारली तेव्हा वळले. नवरा गेलेल्या बाईला मन कसं सांभाळायचं हे सांगायचा मला अधिकार नाही. हल्ली फोन दोन दिवस बंद लागला की जिवाचं काय होतं, तेही तुझ्या वयाच्या मुलींनाच विचार.

पार्ट टू ऑर्डरची प्रत मिळाली की तिचा फोटो काढ आणि एक तुझ्या आईला पाठवून ठेव.