जलरंगात मोजकेच रंग वापरूनही मिश्रण मळकट का होतं?

तीनच रंग वापरूनही जांभळा मातकट का येतो, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा कारण लाल रंगात असतं. व्हर्मिलियन हा लाल नारिंगीकडे झुकतो, म्हणजे त्यात पिवळ्याची छटा असते. तो अल्ट्रामरीन या गडद निळ्यात मिसळला की लाल, निळा, पिवळा असे तिन्ही एकत्र येतात आणि तपकिरी-राखाडी चिखल होतो. त्याऐवजी क्रिमसन, म्हणजे निळसर झाक असलेला लाल, घ्या, जांभळा स्वच्छ येईल. हिरव्याचंही तसंच आहे. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू मिळून लख्ख हिरवा देतात; प्रशियन ब्लूऐवजी अल्ट्रामरीन घातलात तर तो थोडा दबतो, जो झाडांच्या सावलीला मात्र फार शोभतो.

मी पावसाळी सह्याद्री लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या चारांतच रंगवतो. शेवटच्या दोघांपासून ढगांसाठी इतका जिवंत राखाडी मिळतो की काळी ट्यूब उघडावीच लागत नाही.

आणि पहिला थर पूर्ण सुकू द्या. अर्धवट ओल्या कागदावर पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला की खालचा रंग उठून सगळं गढूळ होतं. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, दुसरं रंग कालवायला.