झोआंथस खाणाऱ्या न्यूडिब्रँचवर टाकीत घालायचं औषध कोणतं?

टाकीत ओतायचं असं औषध नाही. दुकानदार देत असेल तर त्याला म्हणावं, आधी तुझ्या टाकीत ओतून दाखव.

तुम्ही लिहिलंय की झोआ (म्हणजे झोआंथस, खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळतात ते फुलासारखे कोरल) आठवडाभर मिटून आहेत आणि रात्री टॉर्च मारल्यावर देठापाशी झालरवालं काहीतरी सरकताना दिसलं. तोच तो न्यूडिब्रँच, बिनशंखाची समुद्री गोगलगाय. ज्या झोआला खातो त्याचाच रंग अंगावर चढवतो, त्यामुळे दिवसा शोधायला गेलात तर अजून एक मिटलेला पॉलिप (झोआचं एक फूल) समजून सोडून द्याल.

आता हा घरात येतो कसा ते ऐका. आमच्या मेहुण्याचीही रीफ टाकी, म्हणजे कोरलची टाकी, आहे, डोंबिवलीला. भाऊबीजेला साडीऐवजी तो झोआची भलीमोठी कॉलनी घेऊन आला. "दाजी, दुकानातच डिप करून घेतलंय, थेट सोडा." डिप म्हणजे किडे मारायच्या औषधी पाण्यात बुडवणं. मी म्हटलं, आधी वेगळं ठेवू. झालं! बायकोचं तोंड उतरलं. "तो एवढ्या हौसेने घेऊन आलाय आणि तुम्ही त्याच्यासमोर बादली काय काढताय?" रात्री सासूबाईंचा फोन. तरी मी कॉलनी थर्माकोलच्या खोक्यातच ठेवली, हीटर आणि एअर स्टोन लावून.

दुसऱ्या दिवशी आयोडीनच्या डिपमध्ये घालून सिरिंजने जोरात पाणी मारलं. पांढऱ्या टबच्या तळाला हिरवे तुकडे पडून वळवळायला लागले. प्लग, म्हणजे कोरल ज्यावर चिकटवलेलं असतं तो छोटा तुकडा, उलटा केला तर खाली अंडी: शेवईचं पारदर्शक वेटोळं चिकटवल्यासारखी. मेहुण्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "असतात एखाददुसरे. सिक्सलाइन रास सोडा, साफ करेल."

सिक्सलाइन हा छोटा मासा काही फ्लॅटवर्म (चपटे किडे) टिपतो, मान्य. पण न्यूडिब्रँचसाठी त्याच्या भरवशावर राहणारा माणूस झोआ पाळत नाही, न्यूडिब्रँच पाळतो. मेहुण्याच्या टाकीत आज सिक्सलाइन ठणठणीत आहे, झोआ एकही नाही. लग्नाकार्यात भेटला की सांगतो, डोंबिवलीचं पाणीच खराब. अरे, तू आरओचं पाणी वापरतोस ना?

तर, कॉलनी बाहेर काढा आणि कोरलसाठीच्या डिपमध्ये घाला. वेळ आणि प्रमाण बाटलीवरचंच. डिपने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. हे दुकानात कुणी सांगत नाही, आणि 'डिप केलंय' या शब्दाला माझ्या लेखी किंमत नाही ती याचसाठी. अंडी जुन्या टूथब्रशने खरवडा, जमलं तर झोआ सोडवून प्लग सरळ फेकून द्या. निसटलेल्या अंड्यांतून पिल्लं येतातच, म्हणून दर आठवड्याला पुन्हा डिप. एकदा काही पडलं नाही म्हणून थांबू नका, लागोपाठ तीन-चार वेळा टब स्वच्छ राहू दे. तोवर ही कॉलनी मुख्य टाकीत परत नको, मग घरात कुणी कितीही रुसो. झोआ मोठ्या दगडावर पसरले असतील तर दगडच उचलावा लागेल. तो उचलण्यासारखा नसेल तर रात्री टॉर्च आणि सायफनची नळी, दुसरं काय.

हे आधीच सांगायला हवं होतं: काही झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. खरवडताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा पाहिजेच, हाताला कापलेलं असेल तर काम दुसऱ्याला द्या. आणि 'दगड उकळून काढ' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्या वाफेने घरची घरं इस्पितळात दाखल झालेली आहेत. गरम पाणीसुद्धा ओतायचं नाही.