एक जण कोड लिहितो, बाकीचे रिपोर्ट

प्रश्न : मॅडम, मी पदवीच्या मुलांना वेब डेव्हलपमेंट शिकवतो. सहा-सहा जणांचे गट करून प्रोजेक्ट देतो. दर वर्षी तेच होतं. गटातला एक जण सगळा कोड लिहितो, एक जण पीपीटी करतो आणि उरलेल्यांची नावं फक्त रिपोर्टवर असतात. सगळ्यांना सारखे गुण देताना मन खातं. गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावरचे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, मोजून गुण द्यावेत का?

उत्तर : कमिट मोजू नका. मी ते एकदा केलं आहे आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं. गुण कमिटवर असं जाहीर केल्यावर आठवडाभरात रिपोमध्ये, म्हणजे गटाच्या सामायिक कोडसाठ्यात, नुसत्या स्पेस आणि कॉमेंट बदललेले कमिट दिसू लागले. त्याच गटात एक मुलगी होती. त्यांचं लॉगिन लॅपटॉपवर नीट चालायचं, सर्व्हरवर टाकलं की पुन्हा लॉगिनचंच पान यायचं. तीन दिवस ती त्यामागे होती. सर्व्हरच्या पुढे प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या रिक्वेस्ट आत पोचवणारा मधला सर्व्हर, होता. बाहेरून एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी), पण आत एक्सप्रेस या ॲपच्या फ्रेमवर्कपर्यंत साधं एचटीटीपी पोचायचं, त्यामुळे जोडणी सुरक्षित नाही असं समजून एक्सप्रेस सिक्युअर कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी खूण, पाठवतच नव्हता. प्रॉक्सीवर विश्वास ठेव असं सांगणारी ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ची एक ओळ घातली आणि सुटलं. तीन दिवसांचा एक कमिट, एका ओळीचा. माझ्या हिशेबात तिला गटात सर्वांत कमी गुण पडले. काय काय करून पाहिलं ते तिने वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही तिने मला दाखवली, तेव्हा मी गुण बदलले आणि मोजणी कायमची बंद केली.

तुमच्या मुलांच्या आळसापेक्षा मला कामाच्या वाटणीची जास्त शंका येते. ‘फ्रंटएंड (दिसणारी पानं) तू, बॅकएंड (सर्व्हरवरचा कोड) मी, डेटाबेस तो’ अशीच वाटणी होते ना? मग टेबल तयार होईपर्यंत बॅकएंडवाला थांबतो आणि तो थांबला म्हणून फ्रंटएंडवाली खोटा डेटा घालून पानं रंगवत बसते. शेवटच्या आठवड्यात जोडायला घेतलं की एकाकडे ‘यूझर आयडी’ अंडरस्कोर घालून, दुसऱ्याकडे जोडून. वेळ उरलेला नसतो, म्हणून ज्याला जास्त येतं तो रात्रभर बसून सगळं आपल्या हाताने पुन्हा लिहितो. त्याला हावरा म्हणू नका आणि बाकीच्यांना कामचुकारही म्हणू नका. माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशीच त्यांच्या सॉफ्टवेअरची रचना होते, हे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलं आहे. आपण मुलांना तीन कप्प्यांत बसवतो, मग प्रोजेक्टचेही तीन कप्पे होतात.

काम उभं कापा. समजा ग्रंथालयाचं ॲप आहे. एकीकडे ‘पुस्तक राखून ठेवणे’ पूर्ण द्या : फॉर्म, राऊट (कोणत्या पत्त्यावर कोणता कोड चालेल ते), क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा), टेबलातला बदल, टेस्ट, सगळं तिचं. दुसऱ्याकडे ‘पुस्तक परत घेणे’ असंच वरपासून खालपर्यंत. दोघांनाही प्रतींच्या एकाच टेबलाला हात लावावा लागतो, तिथे त्यांना बोलावंच लागतं. मी मुद्दाम दोन ब्राउझर उघडून शेवटची प्रत एकाच क्षणी दोघांच्या नावावर राखून ठेवायला लावते. दोघांनाही ‘राखून ठेवली’ असा संदेश आला की ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) कशासाठी असतं हे मला फळ्यावर सांगावं लागत नाही.

गट चौघांचा करा. सहा जणांत बोलणाऱ्या जोड्या 15 होतात, चौघांत 6. आणि दुसऱ्या आठवड्यातच ॲप सर्व्हरवर गेलं पाहिजे, मग ते डेटाबेसमधली एक नोंद वाचून दाखवणारं एकच पान का असेना. त्या मुलीचे तीन दिवस सत्राच्या शेवटी गेले, सुरुवातीला गेले असते तर चौघांनी मिळून शोधलं असतं.

मेन ब्रँचला, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीला, थेट पुश (आपला कोड पाठवणं) बंद ठेवा. दुसऱ्याने कोड स्वतःच्या मशीनवर चालवून, निदान एक प्रश्न लिहिल्याशिवाय, म्हणजे रिव्ह्यू केल्याशिवाय, मर्ज (मुख्य प्रतीत मिसळणं) नाही. शेवटी तोंडी परीक्षेत प्रत्येकाला सोबत्याच्या भागात छोटा बदल सांगा, जसं ‘एका वाचकाला तीनच पुस्तकं राखता यावीत’. वीस मिनिटं, समोर बसून. माझ्याकडे 100 पैकी 40 गुण चालत्या ॲपचे, गटाला सारखे, आणि 60 ज्याचे त्याला : त्यात हा बदल आणि रिव्ह्यूमध्ये विचारलेले प्रश्न.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. गप्प बसणाऱ्या मुलाला फुकट्या ठरवण्याआधी त्याचा लॅपटॉप उघडून पाहा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या मशीनवर प्रोजेक्ट एकदाही सुरू झाला नव्हता. डेटाबेसचं इन्स्टॉलेशन अर्धवट अडकलं होतं आणि पाच आठवडे त्याने लाजेपोटी कोणाला सांगितलं नाही. सोबती त्याला आळशी समजत होते, आणि मीसुद्धा. आता पहिल्याच तासाला प्रत्येक जण रिपो क्लोन करतो, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून घेतो, पानावर आपलं नाव घालतो आणि पुश करतो. ते नाव सर्व्हरवर दिसल्याशिवाय मी कोणाला उठू देत नाही. पहिले पंधरा दिवस जोडीने काम असतं आणि कीबोर्ड ज्याला कमी येतं त्याच्या हाती.

प्रश्न : मुलांना थेट रिॲक्ट (पानं बांधायचं तयार साधन) शिकवावं की आधी साधं काही?

उत्तर : मुलं अडकल्यावर तुम्हाला स्वतःला ज्यातली चूक शोधता येते, ते शिकवा. पण त्याआधी एक फॉर्म फ्रेमवर्कशिवाय हाताने करून घ्या. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून रिक्वेस्टमध्ये नक्की काय गेलं ते वाचायला लावा. मग त्या फॉर्मच्या नावाच्या रकान्यात एक सुटं अवतरणचिन्ह टाकायला सांगा. टाकलेला मजकूर तसाच जोडून केलेली क्वेरी तिथेच मोडते, कारण त्या चिन्हाशी मजकूर संपला असं डेटाबेस समजतो. ती मोडलेली पाहिल्यावर पॅरामीटर घालून, म्हणजे मजकूर क्वेरीपासून वेगळा देऊन, क्वेरी लिहायची पद्धत त्याच तासात शिकवा.