संस्थेचे विश्वस्त बदलले, पण धर्मादाय कार्यालयात जुनीच नावे आहेत. आता काय करावे?

आधी परिशिष्ट १ चा, म्हणजे त्या कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा. कार्यालयाच्या लेखी आजचे विश्वस्त कोण, हे त्यात कळते आणि निधी देणारेही तोच मागतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, द्यावा लागतो. मुदत उलटली असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा आणि उशिराचे खरे कारण लिहा. मागच्या दोन-तीन निवडणुकांचे रिपोर्ट राहिले असतील तर जुन्यापासून क्रमाने दाखल करा. मधला दुवा तुटला की पुढचा रिपोर्ट अडकतो.

बहुतेक प्रकरणे विश्वस्त निवडलेल्या सभेच्या कागदांवर अडतात. नोटीस संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) लिहिलेले दिवस आधी निघाली होती का, ती प्रत्येक सभासदाला पोहोचल्याची पोच आहे का, हजेरीच्या सह्या गणपूर्तीइतक्या (कोरमइतक्या) आहेत का, हे आधी तपासा. इतिवृत्त, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे, जाणाऱ्यांचा राजीनामा किंवा मृत्यू दाखला जोडा. पोच नसेल तर मागील तारखेची मुळीच बनवू नका; नियमाप्रमाणे पुन्हा सभा घेणे केव्हाही बरे. संस्थेची पत त्यावरच टिकते.