काळीत घर बांधताना

प्रश्न : परभणीजवळ 30 बाय 40 फुटांचा प्लॉट घेतला आहे. पूर्वी तिथं कापूस होता. खाली-वर दोन मजले बांधायचेत. ठेकेदार म्हणतो, चार फूट खड्डे घेऊन कॉलम उभे करू, इथं सगळ्यांचं तसंच आहे. पण शेजारच्या घराला खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्यात. माती परीक्षणाचा खर्च करावा का? – एक वाचक

उत्तर : करा. आणि ठेकेदाराला विचारा, चार फुटांवर लागतं काय? काळी मातीच लागत असेल, तर चार फूट खणलं काय नि पाच फूट खणलं काय, सारखंच.

जुनी माणसं वस्ती पांढरीत करायची आणि काळी पेरायला ठेवायची. प्लॉटिंग आलं आणि आपण काळीत राहायला गेलो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे अकरा-साडेअकरा फुटांपर्यंत पोचते. घर दोनच मजली, मग पाया हलका चालेल, असं लोक म्हणतात. इथं उलटं आहे. जड इमारत मातीला दाबून तरी धरते, हलक्या घराला ती उचलते. तेही सगळीकडून सारखं नाही, म्हणून भेगा तिरप्या.

मातीचा अंदाज घरीही येतो. वाळवून बारीक चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, 100 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत. ढवळून 24 तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. तिथं 11 मिलिलिटर आणि पाण्यात 18 भरली, तर फुगवटा 64 टक्के झाला. पन्नासच्या वर गेला की मी तरी घाबरतो. पण एवढ्यावर पाया ठरवू नका, प्रयोगशाळेचा अहवाल हवाच.

त्याआधी दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघा. सहा-सात फुटांवर घट्ट मुरूम लागला तर नशीब. फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) त्यावरच टेका. काळी बारा-पंधरा फूट खोल असेल, तर खाली फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घ्यावे लागतील (अंडर-रीम्ड म्हणतात, फुग्याचा व्यास दांड्याच्या साधारण अडीच पट). त्यांच्यावरच्या प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या पातळीवरची आडवी तुळई) तीनेक इंच पोकळी ठेवून घ्या, नाहीतर फुगलेली माती बीमलाच वर ढकलेल. गवंडी ही पोकळी हमखास बुजवतात. उभं राहून बघा.

आता माझी फजिती. स्वतःच्या घराचे फुटिंग मी व्यवस्थित मुरमावर टेकवले आणि जोत्यात मात्र खणून निघालेली काळीच भरली. मुरमाच्या ट्रॉल्या वाचवल्या! दुसऱ्या पावसाळ्यात दिवाणखान्याची फरशी उचलली, दार अडकायला लागलं. त्या वेळी मी नोकरीत दुसऱ्यांची बांधकामं तपासत होतो. तुम्ही भराव मुरमाचाच करा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसून. घराभोवती चार-पाच फूट काँक्रीटची पट्टी, ढाळ बाहेर. शोषखड्डा आणि कडुनिंब भिंतीपासून लांब.

शेजाऱ्यांच्या भेगांबद्दल : त्यांची परवानगी घेऊन भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खूण करा, अंतर आणि तारीख लिहा. मे महिन्यात एकदा मोजा, सप्टेंबरात पुन्हा. अंतर कमी-जास्त झालं, तर तुमच्या ठेकेदाराला तिथं घेऊन जा.