‘गुन्हे वाढले’ म्हणजे कोणते गुन्हे?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे की, एकाच वर्षाबद्दल एक अहवाल ‘गुन्हे वाढले’ म्हणतो आणि दुसरा ‘गुन्हे घटले’ म्हणतो, तर ‘गुन्हा’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एकच असतो का. अर्थ एकच असतो; वेगळे असते ते त्यामागचे गाळलेले विशेषण. घडलेले, नोंदवलेले आणि सिद्ध झालेले गुन्हे या तीन निरनिराळ्या संख्या आहेत.

पोलिसांची आकडेवारी नोंदवलेल्या गुन्ह्यांची असते. चोरी होऊनही तक्रार झाली नाही, तर ती त्यात येत नाही. उलट, तक्रार करणे सोपे झाले किंवा पीडितांचा पोलिसांवरील विश्वास वाढला, तर घडलेले गुन्हे तेवढेच राहूनही नोंदवलेले गुन्हे वाढतात, आणि ही वाढ मला तरी स्वागतार्ह वाटते. पीडितांची सर्वेक्षणे मात्र थेट लोकांनाच विचारतात. अमेरिकेत असे राष्ट्रीय सर्वेक्षण १९७३ पासून, तर इंग्लंड व वेल्समध्ये १९८२ पासून होत आले आहे. त्यांत पोलिसांपर्यंत न पोहोचलेले गुन्हेही येतात, परंतु खून येत नाही, कारण ज्याचा खून झाला त्याला विचारता येत नाही. आणि प्रश्न कुटुंबांना विचारले जात असल्यामुळे दुकानांतील चोऱ्याही सुटतात.

मोजणीचे नियमही पाहावे लागतात. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका प्राथमिक माहिती अहवालात अनेक गुन्हे असले तरी त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतो. म्हणजे बलात्कार आणि खून एकाच प्रकरणात असतील, तर ते प्रकरण खुनात धरले जाते आणि बलात्काराच्या आकड्यात दिसत नाही. हा मुद्दा बातम्यांमध्ये फार क्वचित सांगितला जातो.

सिद्ध झालेल्या गुन्ह्यांचा आकडा तर बहुधा आधीच्या वर्षांत दाखल झालेल्या खटल्यांचा असतो, म्हणून त्याला यंदाच्या नोंदींनी भागून ‘इतक्या टक्के गुन्हेगारांना शिक्षा झाली’ असे लिहिणे चुकीचे आहे.

तेव्हा पोलिसांच्या आकड्यांवरून लिहिताना ‘नोंदवलेले गुन्हे वाढले’ आणि सर्वेक्षणावरून लिहिताना ‘गुन्ह्यांचा अनुभव सांगणाऱ्यांचे प्रमाण घटले’ असे लिहावे. ही दोन्ही विधाने एकाच वर्षाबद्दल खरी असू शकतात.