पतंग कुठंय, आजी?

प्रश्न : उत्तरायणाला गच्चीवर सगळी पोरं 'काय पो छे' ओरडत होती आणि माझा आठ वर्षांचा नातू विचारत होता, "पतंग कुठंय, आजी?" तपासलं तर दोन्ही डोळ्यांना मायनस 2 नंबर निघाला. सूनबाईंनाही शाळेपासून चष्मा आहे. त्या म्हणतात, एवढ्यात चष्मा लावला तर नंबर वाढत जाईल. काका त्याला 'आखूड नजरेचा' म्हणून चिडवतो. मी गाजराचा रस सुरू केलाय. धाकटी नात पाच वर्षांची आहे, तिची काही तक्रार नाही. काय करावं?
– एक आजी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आजी, चष्मा लगेच करून घ्या आणि त्याला दिवसभर घालू द्या. लघुदृष्टीत डोळ्याचा गोळा लांबट होतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता अलीकडेच पडते. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. एक मिलिमीटर वाढला तरी अडीच-तीन नंबर चढतो. मुलाबरोबर डोळाही वाढतो म्हणून नंबर वाढतो, आणि बोल चष्म्याला लागतो. गाजर जरूर द्या, अ जीवनसत्त्व लागतंच. पण लांबलेला डोळा त्याने आखूड होत नाही.

काकांबद्दल मात्र मला जास्त सांगायचंय. मी रावपुऱ्यात वाढले, गुजराती माध्यमात शिकले. फळ्यावरचं वाचता येईना. घरी मराठी, म्हणून बाईंना वाटलं, हिला गुजराती लिपीच येत नाही. वडिलांनी शिकवणी लावली. तिथे पुस्तक हातात, त्यामुळे मी घडाघडा वाचायचे. मग ठरलं, ही वर्गात मुद्दाम गप्प बसते. दोन वर्षं मी हट्टी मुलगी होते. मी तक्रार तरी काय करणार? फळा सगळ्यांना तसाच पुसट दिसतो, असंच मला वाटायचं. चष्मा आला त्या आठवड्यात शिकवणी सुटली, 'हट्टी' सुटायला पुढे बरीच वर्षं लागली.

पुढचा विचार न करणाऱ्याला आपण आखूड नजरेचा म्हणतो आणि दूरदृष्टीचं कौतुक करतो. काकांना सांगा, डोळ्यांच्या दवाखान्यात दूरदृष्टिता हाही दोषच, त्यालाही चष्माच लागतो. तुमच्या नातवाला अर्ध्या मीटरपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं. त्यापलीकडचं दिसत नाही, यात त्याच्या स्वभावाचा काय संबंध?

दर सहा महिन्यांनी नंबर तपासा. भराभर चढत असेल तर कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब देतात, ते डॉक्टर ठरवतील.

धाकटीला याच आठवड्यात दाखवा. आईला चष्मा, भावाला चष्मा. तिची तक्रार नाही म्हणून थांबू नका. तिला रोज दोनेक तास उन्हा-उजेडात खेळू द्या, कमाटीबाग आहेच. बाहेर खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टी सुरू होण्याचं प्रमाण कमी असतं.